दिवाणखान्याचे रंग, पडदे आणि बैठक : वाईतील एका वाड्याच्या कामाच्या नोंदी

२७ नोव्हेंबर २०२३, सोमवार

वाईतील या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना आजपासून हाती घेतला. घरात काकू आणि अण्णा दोघेच राहतात. मुले बाहेरगावी आहेत, पण पाडव्याला सगळे गोळा होतात, आणि पुढच्या पाडव्याला, म्हणजे ९ एप्रिल २०२४ रोजी, चाळीसएक माणसे या खोलीत बैठकीवर बसावीत अशी काकूंची इच्छा आहे. अण्णांची मागणी एकच आहे : संध्याकाळी खुर्चीत बसून वर्तमानपत्र नीट वाचता यावे.

खोली २६ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. जमिनीपासून कडीपाटापर्यंतची, म्हणजे तुळया-फळ्यांच्या लाकडी छतापर्यंतची, उंची साडेनऊ फूट भरते. पश्चिमेला रस्त्याच्या बाजूने एकसारख्या मापाच्या चार खिडक्या आहेत, पूर्वेला मधोमध आतल्या खोलीत जाणारे साडेतीन फुटी दार आहे, आणि दाराच्या दोन्ही अंगांना चौकाकडे उघडणाऱ्या दोन लहान खिडक्या आहेत. सागवानी खांब सहा असून त्यांवर सुरूच्या झाडासारखा निमुळता आकार कोरलेला आहे. हे खांब कोणे एके काळी हिरव्या ऑइलपेंटने रंगवले गेले आणि त्यानंतर किमान दोनदा त्याच हिरव्याचे थर वर चढले, त्यामुळे कोरीव कामातील पाकळ्यांच्या कडा बोथट दिसतात. भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. त्यावर अलीकडचा प्लॅस्टिक पेंट आहे आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले आहेत.

सामानात शिसवी लाकडाचा एक वेती कोच, तशाच तीन खुर्च्या, पितळी कड्यांचा झोपाळा आणि चार जुन्या गाद्या आहेत. यातले काहीही टाकून द्यायचे नाही, असे काकूंना आणि मला दोघींनाही वाटते.

३० नोव्हेंबर २०२३, गुरुवार

सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत खोलीत नुसती बसून राहिले. नवे काम घेतले की एक दिवस असा काढावाच लागतो.

सकाळी खोलीला थेट ऊन मिळत नाही. चौकातून परतून आलेला थंड, निळसर उजेड पूर्वेच्या दोन खिडक्यांतून येतो आणि खोलीच्या मध्यापर्यंत पोहोचून थांबतो. दुपारच्या आधी रस्त्यापलीकडच्या घराची भिंत उजळते व तिचा पांढरा उजेड पश्चिमेच्या खिडक्यांतून आत पडतो. साडेचारनंतर मात्र सगळे बदलते. तिरपे, पिवळे ऊन थेट आत शिरून पूर्वेच्या भिंतीवर चढते, कडीपाटाचे तपकिरी प्रतिबिंब त्यात मिसळते आणि तासभर खोलीतली प्रत्येक पांढरी वस्तू साईच्या रंगाची दिसते. माणसे या खोलीत बसतात ती मुख्यतः याच वेळी. म्हणून रंगाचा निर्णय पाच वाजताच्या उजेडात घ्यायचा आणि आठ वाजता तो तपासून पाहायचा, असे ठरवले आहे.

६ डिसेंबर २०२३, बुधवार

गवंडीमामांना घेऊन भिंत खरवडून पाहिली. एका जागी तळहाताएवढे चौकोन शेजारीशेजारी धरायचे, पहिल्यात एक थर काढायचा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, अशा पायऱ्या करत गेले की भिंतीचा इतिहास एका रेषेत उघडतो. वर पिस्ता, खाली बदामी डिस्टेंपर, त्याखाली चुन्याच्या सफेदीचे कितीतरी पातळ पदर, आणि त्या पदरांच्या मध्ये एक मोरचुदी, म्हणजे निळसर हिरव्या, रंगाचा थर निघाला. सर्वांत खाली, जमिनीपासून पावणेतीन फुटांपर्यंत, कावेचा, म्हणजे गेरूसारख्या लाल मातीचा, पट्टा होता, आणि त्याच्या माथ्यावर काजळीच्या काळ्या रंगाची इंचभर रुंद रेघ.

ती रेघ सापडली तेव्हा मामा हात थांबवून म्हणाले, "ताई, हा पट्टा शोभेचा नाही. पाठीचा आहे." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. बैठकीवर बसणारा माणूस लोडाला टेकतो आणि लोड भिंतीला टेकतो. चुन्याची सफेदी कितीही चांगली दिली तरी घर्षणाने थोडी हाताला लागतेच. म्हणून पूर्वीच्या लोकांनी बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंतचा भाग घोटून गुळगुळीत केला, आणि तेलकट डोकी व मळके हात दिसू नयेत म्हणून तो गडद ठेवला.

पापुद्र्यांचे कारणही आज स्पष्ट झाले. भिंत विटांची असून आतला गिलावा मातीचा आहे. पावसाळ्यात अशी भिंत ओल पिते आणि हिवाळा-उन्हाळ्यात ती ओल बाहेर टाकते. वर प्लॅस्टिकसारखा बंद थर असला की ओल अडते, क्षार पृष्ठभागाशी जमतात आणि थर ढकलून देतात. त्यामुळे भिंतींना पुन्हा चुनाच द्यायचा. हा निर्णय दिसण्यासाठी घेतलेला नाही, भिंत टिकण्यासाठी घेतला आहे.

१० डिसेंबर २०२३, रविवार

वाईहून जवळच मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पुन्हा पाहून आले. मला चित्रांतले प्रसंग पाहायचे नव्हते. लाकडाच्या शेजारी मातीचा लाल रंग कसा दिसतो ते पाहायचे होते. सागवानाजवळ कावेचा लाल भडक वाटत नाही, कारण त्या लालातला तपकिरी अंश लाकडात आधीपासूनच असतो. बाजारी लाल ऑक्साइडच्या काही छटांत जांभळट झाक असते, तिच्या शेजारी लाकूड पिवळे पडते.

१८ डिसेंबर २०२३, सोमवार

खांबांवरचा ऑइलपेंट काढण्याचे काम दहा दिवस चालले आहे. सुतारांनी आधी गरम हवेच्या यंत्राने थर मऊ करून पाहिला, पण पाकळ्यांच्या खाचांत लाकूड करपण्याची भीती वाटली, म्हणून तेथे रंग उतरवण्याची पेस्ट लावून बांबूच्या अणकुचीदार काड्यांनी रंग उचलला. लोखंडी पटाशी कोरीव कामाला लावू दिली नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासकाम पूर्णपणे वर्ज्य ठेवले, सगळ्यांना मास्क दिले आणि खाली अंथरलेला कागद रोज गुंडाळून बाहेर नेला.

लाकडाला जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तीन हात द्यायचे ठरले आहे. एक सूचना सुतारांच्या वहीत मी स्वतः लिहून ठेवली : जवसाच्या तेलाचे बोळे चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गोळा झालेल्या कापडात ती साठली की कापड आपोआप पेट घेते. बोळे पाण्यात बुडवून ठेवायचे किंवा अंगणात सुटे पसरून वाळवायचे. दीडशे वर्षांच्या सागवानी कडीपाटाखाली काम करताना ही खबरदारी कोणी हसण्यावारी नेलेली मला चालणार नाही.

३ जानेवारी २०२४, बुधवार

कळीचा चुना महिन्याभरापूर्वी विरघळवून पाण्याखाली ठेवला होता, तो आता लोण्यासारखा झाला आहे. त्यातून नमुने केले. पूर्वेच्या भिंतीवर दोन फुटी चौकोनांत चार रंग लावले : नुसता पांढरा, पिवळ्या मातीची चिमूट घातलेला मोतिया, थोडी काव घातलेला अबोलीकडे झुकणारा, आणि निळीची अगदी थोडी पूड घातलेला पांढरा.

चुन्याचा रंग ओला असताना ओळखू येत नाही. वाळल्यावर तो कितीतरी फिका होतो. म्हणून नमुने शनिवारपर्यंत तसेच ठेवायचे आणि तोवर त्यांवर कोणी मत द्यायचे नाही, अशी काकूंना विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, तरी जाता-येता मोतियाकडे त्यांची नजर वळत होती.

६ जानेवारी २०२४, शनिवार

सकाळी मोतिया सर्वांत सुंदर दिसला. संध्याकाळी पाच वाजता तोच रंग मळकट, जुन्या कागदासारखा झाला, कारण उन्हातला पिवळा, कडीपाटाचा तपकिरी आणि मातीचा पिवळा हे तिन्ही एकावर एक चढले. निळीचा पांढरा सकाळी किंचित थंड वाटतो, पण संध्याकाळी त्यातला निळा अंश उन्हातला पिवळा फेडतो आणि भिंत स्वच्छ दुधी दिसते. धोतराला आणि चादरीला नीळ घालण्यामागे हेच कारण असते, हे काकूंनीच बोलून दाखवले व मोतियाचा हट्ट सोडला. अल्ट्रामरीन निळीला चुन्याचा क्षार सोसतो, त्यामुळे रंग उडण्याची चिंता नाही.

कापड मात्र अजून ठरलेले नाही आणि पट्ट्याच्या लालाची नेमकी छटाही मी मोकळी ठेवली आहे. भिंतीचा रंग हवा तसा कालवता येतो; हातमागाचे कापड जसे मिळते तसेच घ्यावे लागते. त्यामुळे पट्टा कापडामागून ठरेल.

१५ जानेवारी २०२४, सोमवार, मकर संक्रांत

काकूंनी हळदीकुंकवाच्या तयारीत ट्रंक उघडली आणि त्यांच्या सासूबाईंची नऊवारी चंद्रकळा बाहेर काढली. काळे अंग आणि तीन इंच रुंद कुंकवाच्या रंगाचा काठ. घडी उलगडताच घडीच्या रेषांवर काळे कापड तुटत गेले; बोट लावले तरी धागा पिठासारखा गळत होता. काठ मात्र शाबूत होता. त्याची वीण घट्ट, रंग खोल आणि किनारीचे दोरे सरळ होते. एकाच लुगड्यात असे का घडावे, हे काकूंनी विचारले. लोखंडाच्या क्षारावर बसवलेला काळा रंग कालांतराने धाग्यालाच खातो, आणि त्यात घडी वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेली असली तर कापड तेथूनच आधी विरते. लाल काठाचा धागा वेगळा आणि रंगाई वेगळी, म्हणून तो वाचला असावा.

मी काठ हातात घेऊन खरवडलेल्या भिंतीजवळ नेला. तळाचा कावेचा लाल आणि काठाचा लाल अगदी एक नाहीत. काठ थोडा थंड आणि अधिक गडद आहे. पण दोघांच्या मधोमध असलेली छटा डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि दीड महिना जे जुळत नव्हते ते जुळले : खाली तो लाल, त्यावर चंद्रकळेच्या अंगाची काळी रेघ, वर निळीचा पांढरा.

काठ कापण्याविषयी मी स्वतःहून काही बोलले नाही. रात्री काकूंचा फोन आला. त्यांनी सांगितले, "काळं आता राहणार नाही. निदान काठ तरी दारावर दिसू दे. त्या याच दारात उभ्या राहून पाहुण्यांची वास्तपुस्त करायच्या."

२२ जानेवारी २०२४, सोमवार

कापडाचे दिवस. बैठकीसाठी मी प्रथम गव्हाळी रंगाचे जाड सुती कापड सुचवले होते. काकूंना बैठक पांढरीच हवी होती, आणि विचार केल्यावर मला त्यांचे पटले. पांढरी खोळ उकळता येते, तिला नीळ देता येते, चहा सांडला तर डाग काढण्यासाठी वाटेल ते करता येते. रंगीत खोळ एकदा विटली की विटलीच. फक्त दुकानातला झगझगीत पांढरा न घेता कोरे दोसुती कापड घेतले, जे धुण्याधुण्याने उजळत जाईल.

लोडांसाठी खण निवडला. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे खण आपल्याकडे चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात. डाळिंबी अंग आणि त्यावरची बारीक बुट्टी लाल पट्ट्याच्या शेजारी उठून दिसते. खण कोचाच्या बैठकीला वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा धागा बारीक आणि निसरडा असतो, रोजच्या बसण्याने शिवणीजवळ तो सरकतो आणि फटी पडतात. लोडावर त्याला तेवढा ताण येत नाही. शिवाय त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, येथे उपयोगी पडतो : आमचा लोड ९ इंच व्यासाचा आहे, म्हणजे घेर सव्वाअठ्ठावीस इंच, मी आणलेल्या खणाचा पन्हा माझ्या टेपवर ३१ इंच भरला. शिवण व थोडी सैल सोड धरून पूर्ण पन्हा न कापता लोडाभोवती फिरतो आणि दोन्ही काठ एकमेकांना भिडून लोडाच्या लांबीभर एकच पट्टा तयार होतो.

कोचाच्या आणि खुर्च्यांच्या गाद्यांना खरवडलेल्या भिंतीतल्या मोरचुदी थराचा फिकट रंग द्यायचा. लाल, काळा, पांढरा आणि लाकूड एवढ्यांत डोळ्याला विसावा मिळावा म्हणून एक थंड रंग हवाच होता, आणि तो याच घरातून निघाला. हे कापड जाड सुती, साधे आहे.

पश्चिमेच्या पडद्यांचा हिशेब येथे लिहून ठेवते, कारण शिंप्याशी वाद होतो तो याच जागी. गज, म्हणजे पडद्याची दांडी, ६० इंच. चुण्या दुप्पट धरल्या तर रुंदी १२० इंच. कापडाचा पन्हा ४६ इंच, म्हणून अडीच पन्हे पुरत नाहीत, तीन लागतात. उंची गजापासून खिडकीच्या उंबऱ्याखाली इंचभर, म्हणजे ६६ इंच. वरच्या पट्टीला ६, खालच्या दुहेरी मुडपीला ६ आणि सुती कापड आटते म्हणून ४, असे एका पन्ह्याला ८२ इंच. तीन पन्ह्यांचे २४६ इंच, म्हणजे सव्वासहा मीटर. चार खिडक्यांना २५ मीटर. कापड शिवण्याआधी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कापायचे.

पडदे जमिनीपर्यंत सोडण्याचा आग्रह घरातल्या तरुण मंडळींनी फोनवरून धरला होता. खाली बैठक असलेल्या खोलीत तसे पडदे माणसांच्या पाठीखाली दबतात, म्हणून मी नकार दिला.

२९ जानेवारी २०२४, सोमवार

पट्टा घोटून झाला. मामा आणि त्यांचा मुलगा रोज एका वेळी घोटून होईल तेवढाच भाग घेत गेले, कारण बारीक चुन्याचा शेवटचा हात ओलसर असतानाच घोटावा लागतो. तो वाळला की दगड फिरवूनही चकाकी येत नाही. चुन्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रंग घालायचा नाही, नाहीतर चुना रंगाला धरून ठेवत नाही. मामा गुळगुळीत गारगोटी लहान लहान वर्तुळांत फिरवत होते. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, मग तो हळूहळू मऊ होतो, आणि शेवटी दगड जवळजवळ निःशब्द सरकू लागला की मामा हात उचलतात. त्यांचे कान सांगतात तेव्हा काम पुरे होते. शेवटी साबणाचे पाणी देऊन पुसून घेतले. पांढरे फडके जोराने घासून पाहिले, त्यावर रंग आला नाही.

काळी रेघ दोरी मारून, हाताने, एका दमात ओढली. कोपऱ्यात ती किंचित वर गेली आहे, कारण भिंतच तेथे सरळ नाही. रेघ कडीपाटाला समांतर ठेवली.

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार

आज काम बिघडले, आणि चूक माझी आहे. सफेदीचे पहिले दोन हात मी गावात नसताना दिले गेले. पाडव्याच्या धास्तीने मीच "लवकर आटपा" असे सांगून गेले होते. भिंत पुरेशी ओली न करता जाड हात दिला गेला आणि वाळावे म्हणून दोन्ही पंखे लावून ठेवले होते. सकाळी भिंतीवरून हात फिरवला तर तळवा पांढरा झाला. चुना पाणी उडून गेल्याने घट्ट होत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि हे घडण्यासाठी त्याच्यात ओलावा टिकावा लागतो. पंख्याने ओलावा पळवला आणि भुकटी उरली.

सगळे ब्रशने झाडून, पुसून काढायला सांगितले. चार दिवस गेले.

९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार

नव्याने सुरुवात केली. आदल्या रात्री भिंतीवर पाण्याचा फवारा, सकाळी पुन्हा फवारा, मग दुधासारखा पातळ चुना कापडातून गाळून रुंद कुंचल्याने. खिडक्यांना ओली पोती टांगली आणि पंखे बंद ठेवले. हात इतका पातळ असतो की देताना काहीच लावल्यासारखे वाटत नाही, दुसऱ्या दिवशी भिंत उजळलेली दिसते. असे चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवसाचे अंतर ठेवून. चुन्यात मीठ घालण्याची पद्धत जुनी आहे व ओलावा धरण्यासाठी ती उपयोगी पडते, पण या भिंतीत क्षार आधीच पुष्कळ असल्याने मी ती टाळली.

२८ फेब्रुवारी २०२४, बुधवार

पिंजारी आले. चारही गाद्यांचा कापूस उसवून अंगणात पसरला तेव्हा त्यात जुना, आखूड धाग्याचा, गोळे झालेला कापूस निम्म्याहून अधिक निघाला. पिंजून जो फुलला तो ठेवला, उरलेल्याच्या जागी नवा घातला. नवा कापूस गादीच्या वरच्या अंगाला आणि जुना खाली, असे पदर लावून घेतले, कारण नुसत्या नव्या कापसाची गादी पहिल्या वर्षात बसते व मधे खळगा पडतो. गादीची जाडी ४ इंच, टाके हातभर अंतरावर. लोडांना शेवरीचा कापूस सुचवला गेला होता. तो उशीला छान, पण पाठीचा भार घ्यायला फार मऊ पडतो, म्हणून लोडांतही सरकीचाच कापूस दडपून भरला.

७ मार्च २०२४, गुरुवार

खणाचा दुसरा गठ्ठा आला. पहिल्या आठ लोडांनंतर चार लोडांचे कापड कमी पडले होते, म्हणून त्याच क्रमांकाचे पुन्हा मागवले. खिडकीत दोन्ही तुकडे शेजारी धरले, तर नवा डाळिंबी थोडा विटकरी निघाला. हा दुसऱ्या लॉटचा माल होता. विक्रेत्याने रंग एकच असल्याचे फोनवर ठामपणे सांगितले, आणि दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली तो त्याला एकच दिसत असेलही. पण या खोलीत पाच वाजता तो एक नाही.

बराच वेळ विचार करून बाराही लोडांची मांडणी बदलली. आधीच्या आठ खोळींची गोल तोंडे उसवली व त्यांतून निघालेले कापड आणि शिल्लक पट्ट्या जोडून आणखी दोन लोडांची अंगे झाली. लोड आता दहा करायचे आणि सर्वांची तोंडे नव्या लॉटच्या कापडाची. अंग एका छटेचे, तोंड दुसऱ्या छटेचे आणि दोन्हींमध्ये काळ्या कापडाची उरेब (तिरकी) कापलेली मगजी, म्हणजे शिवणीतली बारीक गोट, अशी रचना केल्यावर फरक ठरवून केल्यासारखा दिसतो. चेन तोंडाच्या शिवणीत लपवली. जोडाची दोन अंगे कोपऱ्यात, भिंतीकडे ठेवायची.

रंग जातो का हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके दोन्ही तुकड्यांवर दाबून घासले. दोन्हींचा रंग थोडा उतरला. पांढऱ्या बैठकीवर हे परवडणार नाही, म्हणून खण थंड पाण्यात तीनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले.

१६ मार्च २०२४, शनिवार

कोचाचा वेत विणून आला. खुर्च्यांपैकी एकीचीच वीण नव्याने करावी लागली, बाकी दोन ओल्या फडक्याने उलट बाजूने भिजवून सावलीत वाळवल्यावर पुन्हा ताणल्या गेल्या. मोरचुदी गाद्या दोन इंची ठेवल्या आणि नाड्यांनी मागे बांधल्या. वेतावर जाड फोमची गादी टाकली की कोचाच्या कमानीसारख्या पाठीचा खालचा निम्मा भाग झाकतो. तो कोच करणाऱ्याचा अपमान होईल.

२७ मार्च २०२४, बुधवार

पश्चिमेचे पडदे लागले. कोऱ्या सुती कापडाचे, पितळी कड्यांवरचे. प्रत्येक पडद्यामागे मांजरपाटाचे सुटे अस्तर वेगळ्या नाड्यांनी बांधले आहे. साडेचारचे ऊन अस्तर झेलेल, ते दोन-तीन वर्षांत जीर्ण होईल, आणि तेवढेच बदलता येईल. खिडक्यांना बाहेरून चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, लावल्या.

मधल्या दाराचा पडदा काकूंच्या समोर बसून शिवून घेतला. काळ्या सुती कापडाचे दोन पाखे, त्यांच्या आतल्या उभ्या कडांना आणि खालच्या कडेला चंद्रकळेचा काठ. एका पाख्याला ७८ आणि ४२ इंच, दोन्ही मिळून २४० इंच लागले. लुगड्याच्या एका काठातून २७० इंच धड निघाला. काठ मशीनखाली घालू दिला नाही. आधी मलमलीच्या पट्टीवर सैल टाक्यांनी बसवला, मग ती पट्टी पडद्याला शिवली, म्हणजे पडदा ओढताना ताण मलमलीवर येईल. या दारावर थेट ऊन पोहोचू नये म्हणून समोरच्या दोन खिडक्यांची अस्तरे दुपारी ओढलेली ठेवावीत, असे घरात सांगितले आहे.

छताला टांगलेल्या काचेच्या हंड्यांमध्ये २७०० केल्विनचे पिवळे दिवे बसवले. आधीच्या पांढऱ्या दिव्यांखाली लाल पट्टा जांभळा आणि लाकूड राखट दिसत होते. अण्णांना मात्र वाचायला हा उजेड अपुरा पडला, म्हणून त्यांच्या खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे वेगळा उभा दिवा ठेवला. त्यांनी आज पूर्ण वर्तमानपत्र तेथे बसून वाचले.

६ एप्रिल २०२४, शनिवार

सतरंज्या टाकल्या, त्यावर चार गाद्या मांडल्या : दोन दक्षिणेच्या भिंतीला, दोन पूर्वेच्या भिंतीला काटकोनात. लोड लावून मी, मामा आणि सुतार तिघेही अर्धा तास टेकून बसलो. उठल्यावर एकमेकांच्या पाठी पाहिल्या. कोणाच्याही कपड्यांना चुना लागला नव्हता. पाच वाजता ऊन पूर्वेच्या भिंतीवर आले, पांढरा पांढराच राहिला, आणि खांबांच्या पाकळ्यांची सावली पट्ट्यावर स्पष्ट पडली.

राहिलेली कामे : पूर्वेच्या एका खिडकीचा गज अर्धा इंच खाली आहे, तो सोमवारी उचलायचा. झोपाळ्याच्या कड्यांना चिंच लावायची. पावसाळ्यानंतर पट्ट्याचा खालचा हातभर भाग तपासायचा.

चंद्रकळेचा दुसरा काठ कापलेला नाही. तो जुन्या मलमलीत ठेवून, घडी न घालता, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळला आणि काकूंनी ट्रंकेत आपल्या हाताने ठेवला. नळीला बांधलेल्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि सासूबाईंचे नाव त्यांनी स्वतः लिहिले आहे.